पुलाची नाडी कोण पाहणार?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला होता. मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल त्या पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहने प्रवाहात वाहून गेली. त्या संध्याकाळपर्यंत पुलावरून नेहमीसारखी वाहतूक सुरू होती. पुढे तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला.

आपल्याकडच्या स्थापत्य अभियांत्रिकीचे बळ आणि उणीव या दोन घटनांत एकत्र दिसतात. नवे बांधकाम कसे उभारायचे, हे आपल्या अभियंत्यांना चांगले ठाऊक आहे. जुने बांधकाम आतून किती थकले आहे, हे वेळेत ओळखणारी माणसे मात्र कमी पडतात. अशी माणसे घडवण्याची जबाबदारी प्रामुख्याने विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील स्थापत्य विभागांवर येते. या विभागांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत मोठा पल्ला गाठला आहे. पण त्यांची गरज सर्वाधिक असताना विद्यार्थ्यांचा ओढा दुसरीकडे वळला आहे.

संगमावरची शाळा

हा प्रवास पाहायचा तर पुण्यातील सीओईपीचे उदाहरण सर्वांत जवळचे. १८५४ साली ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने ही संस्था सुरू झाली. इमारती, धरणे, कालवे, रेल्वेमार्ग आणि पूल या सरकारी कामांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी तयार करणे, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता. मुळा-मुठेच्या संगमाजवळील तिच्या इमारतीची कोनशिला १८६५ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी बसवली. पुढे ती मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. आज इतर अनेक शाखा असलेल्या या संस्थेची सुरुवात स्थापत्यापासूनच झाली.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच महाविद्यालयातून १८८३ साली स्थापत्य शाखेची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. नोकरीच्या सुरुवातीलाच धुळे भागात दातर्ती येथे पांझरेच्या प्रवाहाखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाचे काम त्यांच्याकडे आले. पुण्याला त्यांची ओळख आहे ती खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचले की हे दरवाजे आपोआप उघडत. १९०३ च्या सुमारास ते बसवले, तेव्हा खडकवासला धरण वीस वर्षांहून अधिक जुने झाले होते. त्याची भिंत न वाढवता साठा वाढवायचा, हा प्रश्न त्यांनी सोडवला. म्हणजे पुण्यात ज्या कामासाठी त्यांचे नाव घेतले जाते, ते नवे धरण बांधण्याचे नसून जुन्या धरणाची क्षमता ओळखून ती वाढवण्याचे होते.

सीओईपीला २००३ साली स्वायत्तता मिळाली आणि २०२२ मध्ये ती स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. स्वायत्ततेमुळे विभागाला अभ्यासक्रम स्वतः ठरवता येतो, हा मोठा फायदा. आता त्या मोकळीकीचा उपयोग कशासाठी करायचा, हा प्रश्न आहे.

संकटांनी बदललेला अभ्यासक्रम

स्थापत्याच्या अभ्यासक्रमात बरीच भर संकटांनी घातली आहे. कार्ल टर्झागी यांनी १९२५ साली ग्रंथ लिहून मातीच्या वर्तनाला शास्त्राची बैठक दिली. त्याआधी पाया किंवा मातीचा भराव ठरवताना अनुभवाचाच आधार होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली बुडाला. मातीच्या धरणाबाबत हयगय केली तर काय होते, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे हा समज मोडला. कोयना धरणाच्या भिंतीलाही वरच्या भागात तडे गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यांतली बहुतेक जाड दगड-मातीच्या भिंतींच्या घरांत राहत होती. अशी घरे गावातला गवंडी बांधतो आणि पदवीच्या वर्गात त्यांचा विचार क्वचितच होत असे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर अभियांत्रिकी शिक्षकांनाच भूकंपशास्त्र शिकवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी देशभरातल्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांना त्यात प्रशिक्षण दिले. तोवर अनेक ठिकाणी हा विषय पदवीला शिकवलाच जात नव्हता.

संकटाची वाट न पाहता झालेले कामही आहे. महाराष्ट्राची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेली घरे आणि कालव्यांची अस्तरे दरवर्षी वर-खाली होऊन तडकतात. मुंबई आयआयटीतील डॉ. आर. के. कट्टी यांनी यावर उपाय शोधला. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून घातला की खालच्या मातीचे फुगणे आवरले जाते. स्थानिक अडचणीवर स्थानिक साहित्यातून काढलेला हा तोडगा कालव्यांच्या कामात वापरला गेला. विद्यापीठातील विभाग समाजाला काय देऊ शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

काँक्रीट आजारी कसे पडते

आजचा प्रश्न वयाचा आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत उभारलेले काँक्रीटचे पूल, टाक्या आणि इमारती आता एकाच वेळी उतारवयात येत आहेत.

ताजे काँक्रीट अतिशय अल्कलीधर्मी असते, त्याचा सामू १२ ते १३ च्या घरात असतो. या वातावरणात आतल्या सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत राहतो आणि सामू हळूहळू ९ च्या खाली येतो. हा बदल सळईपर्यंत पोहोचला की तिचे कवच नाहीसे होते. समुद्रकाठी मिठातले क्लोराइड हेच काम अधिक वेगाने करतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते. ती जागा करताना काँक्रीटला सळईच्या रेषेत चिरा पडतात आणि पोपडे सुटतात. घराच्या छताचा गिलावा पडून तांबूस सळई दिसू लागते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

त्याआधी निदान करता येते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा द्रव फवारला की निरोगी भाग गुलाबी होतो आणि संरक्षण गमावलेला भाग रंगहीन राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलेच हे रसायन. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजतात. चांगल्या काँक्रीटमध्ये तो सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असतो, आत पोकळी वा भेग असेल तर तो घटतो. सळईचे विद्युत विभव मोजून गंज लागण्याची शक्यता कळते. रिबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून मजबुतीचा अंदाज घेतात, पण या एकट्या चाचणीत २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र वाचणारा जाणता माणूस लागतो, जसा रक्ततपासणीचा कागद वाचायला डॉक्टर लागतो.

तपासणी झाली म्हणजे धोका टळला, असेही नाही. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल गर्दीच्या वेळी कोसळला. त्याची तपासणी आधी झालेली होती आणि तिच्यात किरकोळ दुरुस्तीच सुचवण्यात आली होती.

पाण्याखालचे दुखणे

नदीवरच्या पुलांचे निदान आणखी अवघड आहे. पूर आला की खांबाला आपटणारे पाणी खाली वळते, तळाशी भोवरे तयार होतात आणि खांबाभोवतीची वाळू-माती खणून काढतात. जगभरात पूल पडण्याच्या कारणांत पूर आणि पायाजवळची ही झीज यांचा क्रमांक फार वरचा आहे. खड्डा सर्वांत खोल असतो तो पुराच्या ऐन जोरात. पाणी ओसरताना वाहून आलेला गाळ त्यात भरतो. हिवाळ्यात पाहणीला गेलेल्या अभियंत्याला खांबाभोवती सपाट पात्र दिसते. पण तो गाळ सैल असतो आणि पुढच्या पुरात पहिल्यांदा तोच निघून जातो.

यावर काम करायला पुण्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था खडकवासल्याजवळच आहे आणि नद्या, बंदरे, धरणे यांच्या छोट्या प्रतिकृतींवर तिथे अभ्यास चालतो. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची माहिती एकत्र करणारी यंत्रणा सुरू केली. लहान मोऱ्या धरून दीड लाखाहून अधिक बांधकामांची नोंद त्यात झाली. नोंद झालेल्या प्रत्येक पुलापाशी जाणारा प्रशिक्षित अभियंता मात्र वर्गातूनच यावा लागतो.

विद्यार्थी कुठे आहेत?

नेमकी इथेच अडचण आहे. राज्यातील अनेक खासगी महाविद्यालयांत स्थापत्याच्या जागा गेली काही वर्षे रिकाम्या राहत आल्या आहेत. २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर संगणक शाखेच्या जागांत मोठी भर पडली. नामांकित संस्थांत स्थापत्याचे वर्ग भरतात, पण तिथलेही बरेच पदवीधर सॉफ्टवेअर किंवा स्पर्धा परीक्षांकडे वळतात. त्यांना दोष देता येणार नाही. बांधकामाच्या साइटवर उन्हातान्हात दहा-बारा तास उभे राहणाऱ्या नव्या अभियंत्याचा पगार संगणकापुढे बसणाऱ्या वर्गमित्रापेक्षा पुष्कळदा कमी असतो.

दुसरी अडचण शिक्षकांची. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. असलेल्यांवर अध्यापन, संशोधन आणि सरकारी कामांची त्रयस्थ तपासणी असा तिहेरी भार पडतो. या तपासण्यांमुळे विभागाला उत्पन्न मिळते आणि विद्यार्थ्यांना खरे काम पाहायला मिळते. पण माणसे कमी असली की अहवाल उरकण्याचा धोका वाढतो. यंत्रे हाताळणारे अनुभवी प्रयोगशाळा साहाय्यक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली नाही, तर महागडी उपकरणे धूळ खात पडतात.

तिसरी अडचण अभ्यासक्रमातच आहे. पदवीच्या चार वर्षांत विद्यार्थी नवी तुळई, नवा खांब, नवा पाया यांची गणिते शेकड्यांनी सोडवतो. जुन्या बांधकामाची तपासणी आणि दुरुस्ती हा विषय बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो.

सोसायटीपासून नदीपर्यंत

हा प्रश्न विद्यापीठाच्या भिंतींआड राहणारा नाही. मुंबईसह राज्यातील महापालिका क्षेत्रांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अनेक सोसायट्यांत ती कमीत कमी दरात मिळणाऱ्या कागदावर भागवली जाते. रहिवाशांनी अहवालात तीन गोष्टी जरूर पाहाव्यात. कोणकोणत्या चाचण्या झाल्या, त्या इमारतीच्या कोणत्या भागांवर झाल्या आणि सळईच्या गंजाबद्दल काय आढळले? केवळ डोळ्यांनी पाहून किंवा एकट्या रिबाउंड हॅमरवर विसंबून दिलेला निष्कर्ष अपुरा समजावा. २००० साली काँक्रीटची भारतीय संहिता सुधारली, तेव्हा सळईवरील आवरणाची जाडी परिसरानुसार वाढवण्यात आली. समुद्राकाठच्या बांधकामाला ती ४५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक लागते. त्याआधीच्या इमारतींकडे, विशेषतः कोकणपट्टीत, अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

विभागांना करता येण्यासारखे एक काम फार खर्चाचे नाही. स्थापत्य शाखा असलेली महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि जुने पूलही. प्रत्येक महाविद्यालयाने जवळचा एक पूल दत्तक घ्यावा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खांबांजवळच्या पात्राची खोली मोजावी, चिरांची लांबी-रुंदी नोंदवावी, छायाचित्रे काढावीत आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. दहा वर्षांत त्या पुलाचा जो आलेख हाती येईल, तो एका दिवसाच्या पाहणीतून मिळणार नाही. बांधकाम खात्याने या नोंदी मागून घेतल्या, तर पुरात वाहतूक कधी थांबवायची हे ठरवायला त्यांचा उपयोग होईल.

अर्थात ती वही लिहायला वर्गात विद्यार्थी हवेत आणि त्यांच्यासोबत नदीकाठी उतरायला शिक्षक हवा. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणे, हे या कामाचे पहिले पाऊल आहे.