गोळीतील लोह प्रयोगशाळेत कसे मोजतात?

मुरगाव बंदरात जहाजावर चढणाऱ्या लोहखनिजाचा भाव त्यातील लोहाच्या टक्केवारीवर ठरतो. त्यामुळे लोह अचूक मोजण्याचे महत्त्व गोमंतकीयांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तेच मूलद्रव्य रक्तवाढीच्या गोळीतही असते. तेथे मात्र टनांऐवजी मिलिग्रॅमचा हिशेब असतो आणि मोजमाप चुकल्यास त्याची झळ रुग्णाला बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतींना ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस दिली जाते. हे ६० मिलिग्रॅम गोळीत खरोखर आहेत, हे कसे ठरते?

प्रथम वेष्टनावरील आकड्याचा अर्थ समजून घेणे इष्ट. गोळीत शुद्ध धातू नसतो, त्याचा क्षार असतो. फेरस फ्युमरेट या क्षारात लोहाचा वाटा सुमारे ३३ टक्के असतो. म्हणजे ६० मिलिग्रॅम लोहासाठी सुमारे १८० मिलिग्रॅम क्षार लागतो. तसेच १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. आकडा क्षाराचा आहे की मूलद्रव्याचा, हे न पाहता दोन उत्पादनांची तुलना केल्यास फसगत होते.

प्रयोगशाळेत एकाच गोळीवर विसंबून राहत नाहीत. साधारणतः वीस गोळ्यांचे वजन करून त्यांची एकत्र बारीक पूड करतात आणि तिच्यातून नमुना काढतात. उपकरणाद्वारे मोजमाप करायचे असल्यास नमुन्यातील साखर, स्टार्च, मेद असे सेंद्रिय द्रव्य आधी नष्ट करावे लागते. जुन्या पद्धतीत भट्टीत त्याची राख करून ती आम्लात विरघळवतात. आता बंद पात्रात नायट्रिक आम्ल घालून मायक्रोवेव्हच्या उष्णतेने नमुना पचवतात. या पायरीवर काही भाग न विरघळता उरला किंवा सांडला, तर पुढचे यंत्र कितीही महागडे असले तरी उत्तर चुकीचेच येते.

मोजमापाची जुनी पण आजही विश्वसनीय पद्धत म्हणजे अनुमापन. गोळीची पूड विरल आम्लात विरघळवून तीत ज्ञात तीव्रतेचे सेरिक क्षाराचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. दर्शकाचा रंग पालटला की खर्ची पडलेल्या द्रावणावरून फेरस लोह काढता येते. मात्र गोळीत क जीवनसत्त्व असल्यास तेही सेरिक क्षाराशी अभिक्रिया करते आणि लोह असते त्याहून अधिक दिसते.

दुसरी पद्धत प्रकाशाची. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. लोहासाठी ती २४८.३ नॅनोमीटर, तर जस्तासाठी २१३.९ नॅनोमीटर आहे. द्रावण ज्योतीत फवारून किती प्रकाश शोषला गेला, हे मोजणाऱ्या अणुशोषण पद्धतीचा पाया ऑस्ट्रेलियात कार्यरत असलेल्या अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये घातला. कॅल्शियम मोजताना फॉस्फेट आड येते आणि आकडा कमी भरतो. म्हणून द्रावणात लँथॅनम मिसळतात.

अनेक खनिजे एकाच वेळी मोजायची असल्यास आर्गॉन वायूचा हजारो अंश तापमानाचा प्लाझ्मा वापरतात. त्यात अणूंनी बाहेर टाकलेला प्रकाश तरी मोजतात, किंवा आयनांची वस्तुमानानुसार गणना तरी करतात. वस्तुमानाची पद्धत अत्यंत संवेदनशील आहे. शिंपल्यांपासून किंवा हाडांच्या चुऱ्यापासून केलेल्या कॅल्शियममध्ये शिसे उतरण्याची शक्यता असते आणि त्याचा अत्यल्प अंशही या पद्धतीने सापडतो. परंतु तीही निर्दोष नाही. लोहाच्या मुख्य समस्थानिकाचे वस्तुमान ५६, तर आर्गॉनचे ४० आणि ऑक्सिजनचे १६ मिळूनही ५६ होतात. हा तोतया वगळण्यासाठी यंत्रात हेलियम वायूने भरलेल्या कक्षाची योजना करतात.

म्हणूनच चांगली प्रयोगशाळा यंत्राचा आकडा तसाच स्वीकारत नाही. ती नमुन्याविना कोरी चाचणी करते. खनिजांचे प्रमाण आधीच निश्चित असलेला प्रमाणित संदर्भ नमुना त्याच मार्गाने तपासते. नमुन्यात ज्ञात मात्रा मुद्दाम मिसळून ती पूर्ण परत मिळते का, हेही पाहते.

एवढे केल्यावरही एक प्रश्न उरतो. प्रकाशाच्या आणि वस्तुमानाच्या पद्धती एकूण लोह मोजतात. काही गोळ्यांच्या वेष्टनाला तांबडा रंग आणण्यासाठी आयर्न ऑक्साइड वापरतात. त्यातील लोहही बेरजेत धरले जाते, परंतु शरीराला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. फेरस रूपातील लोह आतड्यातून अधिक सुलभपणे शोषले जाते, म्हणून रूप सांगणाऱ्या अनुमापनाची गरज संपत नाही. शिवाय गोळी विरघळलीही पाहिजे. त्यासाठी ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या विरल आम्लात गोळी टाकून द्रव ढवळत ठेवतात आणि ठरावीक वेळाने किती लोह बाहेर आले ते मोजतात. लोह पुरेपूर असूनही न विरघळलेली गोळी जशी आली तशीच शरीराबाहेर पडते.

सारांश, एकाच चाचणीत गोळीची परीक्षा पूर्ण होत नाही. लोह किती, कोणत्या रूपात आणि किती विरघळणारे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच वेष्टनावरील ‘६० मिलिग्रॅम’ला अर्थ येतो. खनिजाच्या व्यवहारात टक्केवारी कळली की भाव ठरतो. गोळीच्या बाबतीत मात्र टक्केवारी ही तपासणीची केवळ सुरुवात असते.