दरवाज्यापासून सातबाऱ्यापर्यंत

नाशिकच्या पंचवटीत वाढलेल्या आमच्या पिढीने सिंहस्थाच्या गोष्टी घरोघर ऐकल्या. अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची गोष्ट आमच्या घरात कुणी काढली नाही. ती मला कॉलेजात असताना धनंजय कीरांच्या आंबेडकर-चरित्रात वाचायला मिळाली. दांडीयात्रेची तारीख शाळेत पाठ करून घेतली होती, १२ मार्च १९३०. त्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्चला, आपल्याच गावात चार-चारच्या रांगांनी सुमारे मैलभर लांब मिरवणूक निघाली होती, हे कळल्यावर मला घरच्या त्या गप्पपणाचा राग आला. आजही येतो.

मंदिर बंद होतं. मिरवणूक गोदाघाटाकडे वळली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही चारही दरवाज्यांवर बसले. पहिल्याच तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलच्या रामनवमीला दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रामाचा रथ ओढायचा, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात सनातन्यांनी रथ परस्पर पळवला आणि सत्याग्रहींवर दगड पडले.

पण मला वाटतं, खरी किंमत मोजली ती आसपासच्या खेड्यांनी. शहरातल्या सत्याग्रहाचा सूड तिथे उगवला गेला. मुलांना शाळेतून काढलं, रस्ते बंद केले, दुकानदार मीठमिरची देईनात. ज्यांची रोजची भाकर गावकीवर अवलंबून होती, त्यांनी हे सोसून लढा वर्षानुवर्षं चालू ठेवला. तो उभा ठेवणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांनाच पत्र लिहून कळवलं की, मूर्तिपूजेसाठी हा लढा नव्हताच. समाज जागा व्हावा यासाठी होता, आणि आता शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळवावी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. दार उघडलं नाही म्हणून कुणी याला पराभव म्हणतं, ते मला पटत नाही. त्या दारापुढे उभं राहायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तोवर लोकांनी स्वतःच्या हातात घेतला होता.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपल्या या लढ्याचं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ तिथल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केली, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये दलित पँथरने नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. वंश आणि जात एक नव्हेत. तिथे कातडीच बोलते, इथे आडनाव विचारावं लागतं. माझ्या एका मित्राला नाशकातच भाड्याचा फ्लॅट ठरता ठरता पूर्ण नाव विचारलं गेलं, आणि लगेच ‘जागा कालच गेली’ असं उत्तर आलं.

तरी दोन्ही लढ्यांची पुढची वाट मला एकच दिसते. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ मध्ये मेंफिसला गेले ते संपावरच्या सफाई कामगारांसाठी, आणि तिथेच ४ एप्रिलला त्यांचा खून झाला. दादासाहेबांनी १९५९ आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, म्हणून माणसं तुरुंगात गेली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ लाच झाला होता. गायरान कसणारी कितीतरी दलित कुटुंबं मात्र सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून अजूनही तहसील कचेरीच्या फेऱ्या मारताहेत.