ओल्या कचऱ्याची वीज

दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा, त्यातून पावणेचार मेगावॅट वीज, असा हिशोब होता. प्रकल्प जेमतेम तीन आठवडे चालला. भट्टीत पडत होते भाजीचे देठ, खरकटं आणि रस्ता झाडून आलेली माती. माती जळत नाही, आणि एक किलो पाण्याची वाफ व्हायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ते देणं आधी चुकतं करायचं, मग वीज! कचऱ्याच्या किलोमागे सुमारे दीड हजार किलोकॅलरी अपेक्षित होत्या. मिळाल्या त्याच्या निम्म्याच्या आसपास.

तसा आपल्या साखर कारखान्यांतला बगॅसही, म्हणजे उसाचा चोथाही, निम्मा ओलाच असतो. तरी तो झकास पेटतो, गाळप चालवतो, वर वीज विकून पैसे देतो. कारण उरलेला बहुतेक भाग निव्वळ तंतू असतो.

खुद्द डेन्मार्कमध्येही, कोपनहेगनच्या कचरा जाळणाऱ्या अमागेर बाक्के प्रकल्पाची (त्याच्या छतावर चक्क स्कीइंग चालतं) कमाई नुसत्या विजेवर नाही. उरलेली उष्णता नळातून घरं उबदार ठेवायला जाते. दिल्लीच्या मे महिन्यात ती विकत कोण घेणार?