मुसाफिराचा बिछाना

रमजान अर्ध्यावर आला की आमच्या घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या रकमेचा चाळिसावा हिस्सा काढून द्यायचा, हे आता शेजारच्या हिंदू, बौद्ध घरांनाही माहीत आहे. तो कुणाला द्यायचा याचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत. गरीब, मोहताज, कर्जात बुडालेला, हे चटकन समजतात. यादीत शेवटी येतो तो ‘इब्नुस्सबील’, शब्दशः वाटेचा मुलगा, म्हणजे मुसाफिर. गावाकडे त्याचं दोन मजली घर असेल, पण वाटेत पैसे संपले आणि डोकं टेकायला जागा उरली नाही, तर तेवढ्यापुरता तो जकातीचा हकदार ठरतो. रोजाही मुसाफिराला माफ आहे. नंतर घरी येऊन भरून काढायचा.

माजरीसारख्या जंक्शनच्या गावाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लाईनवरून वणी-आदिलाबादचा फाटा इथंच फुटतो. गाडी चुकली की बाकावर पिशवी उशाला घेऊन रात्र काढलेली माणसं आपण लहानपणापासून पाहिली. खाणीवर कामाला आलेले कितीतरी जण वळकटी घेऊन उतरले आणि पहिले दोन महिने कुण्या गाववाल्याच्या क्वार्टरच्या ओसरीवर झोपले. त्यांचीच नातवंडं आता शिकायला जर्मनीत जातात आणि सुट्टीत पाठीवर सॅक टाकून युरोप फिरायचा बेत करतात. मागच्या रमजानात मी माझ्या भाच्यासोबत अठरा दिवस असाच हिंडून आलो. तेव्हापासून कॉलनीतले पालक विचारतात, “चाचा, पोरानं तिकडं राहायचं कुठं?”

त्याचं उत्तर एका शब्दात हॉस्टेल. पण आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, त्यामुळे घोटाळा होतो. तिकडच्या हॉस्टेलात खोली नव्हे, खाट भाड्यानं मिळते. एका खोलीत चार, आठ, कधी सोळा खाटा, एकावर एक. खालच्या खाटेवर ब्राझीलचा पोरगा, वर कोरियाची आजी, असंही चालतं. या कल्पनेचा बाप रिचर्ड शिरमन नावाचा जर्मन शाळामास्तर. 1909 साली तो पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळी पावसानं गाठलं, आणि एका गावच्या शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. सुट्टीत साऱ्या शाळा रिकाम्या असतात, मग त्यांत पोरांच्या झोपण्याची सोय का करू नये, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. पुढं 1912 मध्ये आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल उभं राहिलं. ते हॉटेलवाल्याच्या नव्हे, मास्तरच्या डोक्यातून निघालं, हे मला आवडतं.

आता पैशाचं बोलू. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये धरा. मार्चमध्ये, म्हणजे गर्दीचा हंगाम नसताना, पश्चिम युरोपातल्या मोठ्या शहरात हॉस्टेलची खाट 20 ते 40 युरोपर्यंत मिळते. बुडापेस्ट, क्राकोकडे त्याहून स्वस्त. शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात हेच भाव दुप्पट होतात. पण पडद्यावर दिसणारा आकडा शेवटचा नसतो. बऱ्याच शहरांत पर्यटक-कर वेगळा लागतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 2024 पासून तो राहण्याच्या खर्चाच्या साडेबारा टक्के आहे. काही ठिकाणी चादरीचे पैसे वेगळे, टॉवेलचे वेगळे. सामानाच्या कपाटाला कुलूप आपलंच लागतं. घरून जाताना एक मजबूत कुलूप न्या, तिथं काऊंटरवर तेच चौपट भावानं विकतात.

दुसरा फसवा आकडा अंतराचा. हॅम्बर्गला गावाबाहेरची खाट 24 युरोला होती आणि स्टेशनजवळची 32 ला. भाचा म्हणाला, “मामू, आठ युरो वाचतात.” जायचं-यायचं तिकीट सात युरोच्या आसपास बसत होतं, आणि रात्री उशिरा बस तासाला एक. आम्ही स्टेशनजवळ राहिलो. व्हेनिसला मात्र नेमकं उलट केलं. तिथं बेटावरची खाट खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून पुलाअलीकडच्या मेस्त्रे गावात उतरलो. मेस्त्रे म्हणजे रेल्वेचं जंक्शन, शेजारी कारखाने. देखणं म्हणावं असं काही नाही, पण मला पाहताक्षणी घरच्यासारखं वाटलं. तिथून व्हेनिसला दहा-बारा मिनिटांत लोकल पोचवते, तिकीट दोन युरोच्याही आत, आणि गाड्या दिवसभर. तेव्हा गावाबाहेर राहायचं की नाही हे नकाशावरच्या किलोमीटरवरून ठरवू नका. शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघा.

रात्रीची गाडी हाही एक बिछानाच आहे. हॅम्बर्गहून व्हिएन्नाला आम्ही ‘नाइटजेट’नं गेलो, प्रवासही झाला आणि एका रात्रीचं भाडंही सुटलं. आपल्या विदर्भातल्या माणसाला गाडीत झोपायला शिकवावं लागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, रेल्वे पास असला तरी रात्रीच्या गाडीतल्या बर्थचं आरक्षण वेगळ्या पैशाचं असतं.

रमजानात मात्र हॉस्टेलची सगळ्यात महत्त्वाची खोली झोपण्याची नसते, स्वयंपाकघर असतं. बहुतेक हॉस्टेलांत गॅस किंवा शेगडी, भांडी, फ्रिज अशी सोय असते, आणि बाजारातून तांदूळ, अंडी, डाळ आणून दोघांचं जेवण पाच-सहा युरोत होतं. बाहेर खाल्लं तर एका माणसाला तेवढेच लागतात. कुणी जाताना उरलेलं तेल, मीठ, शेवया एका फळीवर ठेवून जातो, ज्याला लागेल त्यानं घ्यावं. व्हिएन्नाला आम्हाला त्या फळीवर अर्धी बरणी मध मिळाला. तीन दिवस पुरला. पण बुकिंग करण्याआधी विचारायचा प्रश्न हा, की स्वयंपाकघर रात्री बंद करता का? कितीतरी ठिकाणी रात्री दहा-अकराला कुलूप लागतं ते सकाळी सातला उघडतं, आणि मार्चमध्ये सहेरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं जेवण, पहाटे साडेचारच्या आत उरकावं लागतं. ‘नाश्ता मोफत’ अशी जाहिरात असते, त्या नाश्त्याचा रोजेदाराला काय उपयोग? आम्ही एका ठिकाणी काऊंटरवरच्या मुलीला विचारून बघितलं. तिनं दोन पाव, चीज, एक सफरचंद आणि दही कागदी पिशवीत घालून रात्रीच दिलं. विचारलं नसतं तर मिळालं नसतं. मार्चचा रोजा तिकडं आपल्याइतकाच, तेरा-साडेतेरा तासांचा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तो जूनमध्येही येतो, आणि जूनच्या हॅम्बर्गमध्ये सूर्यच सतरा तास मावळत नाही. तेव्हा मुसाफिराला दिलेली सूट आठवावी. मी स्वतः प्रवासाच्या दिवशी ती घेतली आणि परत आल्यावर रोजे पूर्ण केले.

दहा जणांच्या खोलीत सहेरीला उठायचं तर खालची खाट मागून घ्या. रात्रीच खजूर आणि पाण्याची बाटली उशाशी ठेवा, मोबाइलचा गजर आवाजाचा नको, थरथरीचा लावा, आणि प्लॅस्टिकची पिशवी अजिबात वापरू नका. पहाटे चारला प्लॅस्टिक चुरचुरण्यासारखा दुसरा आवाज नाही. मुली एकट्या जात असतील तर बहुतेक हॉस्टेलांत फक्त मुलींच्या खोल्या असतात. दर थोडा जास्त पडला तरी तीच घ्यावी. माझ्या वयाच्यांनी नियम आधी वाचावेत, कारण काही हॉस्टेलं पस्तिशी-चाळिशीनंतर सामायिक खोलीत घेत नाहीत. आणि लोकांचे अभिप्राय वाचताना फक्त कौतुकाचे नको, मधले, जरा कुरकुर करणारे वाचा. त्यात ‘ढेकूण’ दिसला की पुढचं हॉस्टेल बघा. ढेकूण पॅरिसचा असो की आपल्याकडचा, चावतो सारखाच.

व्हिसासाठी राहण्याचे पुरावे आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा हाती येईपर्यंत, रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा, दोन युरो जास्त गेले तरी चालतील.

हा सगळा झाला खर्चाचा आणि सोयीचा भाग. मला अधिक लक्षात राहिली ती काऊंटरवरची दोन मिनिटं. पासपोर्ट बघितला, पैसे घेतले, खाटेचा नंबर दिला. आपल्याच देशातल्या एका मोठ्या शहरात, आधी ‘या, रूम आहे’ म्हणणाऱ्या लॉजवाल्यानं माझं आधार कार्ड बघून ‘आत्ताच फुल झालं’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. हे फक्त माझंच दुखणं नाही. 1917 मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत त्यांनी पारशी नाव नोंदवून खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आत्मकथनात हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढं 1921-22 मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात ते राहिले. चरित्रकार सांगतात, तिथली घरमालकीण हात आखडून वाढायची, रात्री भूक लागली की ते कुणीतरी दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खात. पोट भरत नव्हतं, पण नाव बदलावं लागलं नाही. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. लंडनला जाणाऱ्या चंद्रपूरच्या माणसानं ते चुकवू नये.

पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली तीही याच कारणानं, की विठोबाला भेटायला आलेल्या दलित वारकऱ्याला इतर धर्मशाळांची दारं बंद होती. 1949 मध्ये बाबांनी ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

युरोपचं मी गुणगान गात नाही. तिथं महिन्याच्या भाड्यानं खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना आडनावाचा अनुभव येतोच. अर्ज पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. खाट एका रात्रीची असते म्हणून कदाचित सगळ्यांना मिळते. पण ही रीत जुनी आहे. ग्रीक भाषेत सरायीला जो शब्द होता त्याचा अर्थ ‘सगळ्यांना घेणारी’. त्याचा अरबीत ‘फुंदूक’ झाला, इटलीत ‘फोंदाको’, स्पेनमध्ये ‘फोंदा’. व्हेनिसच्या मोठ्या कालव्यावर तुर्की व्यापाऱ्यांचा फोंदाको अजून उभा आहे. 1621 पासून 1838 पर्यंत उस्मानी व्यापारी तिथं उतरत. मालाची कोठारं, झोपायच्या खोल्या, नमाजाची जागा, हमाम, सगळं एका छताखाली. व्यापाऱ्यांवर नजर ठेवणं हाही त्यामागचा हेतू होता, हे खरं. आज त्यात प्राण्यांच्या सांगाड्यांचं संग्रहालय आहे.

खरी मौज ग्रानादाला. स्पेनमधल्या या शहरात अल्हम्ब्रा बघायला जग लोटतं, पण त्याचं तिकीट आम्हाला दुसऱ्या दिवशीचं मिळालं. इफ्तारला दोन तास होते, म्हणून गावात भटकलो. एका गल्लीत घोड्याच्या नालेसारखी उंच कमान दिसली. आत दगडी चौक, मधोमध पाण्याचं कुंड आणि चारी बाजूंनी तीन मजले. चौदाव्या शतकातला, मुसलमान सुलतानांच्या काळातला हा फुंदूक. खाली जनावरं आणि माल, वर मुसाफिरांच्या खोल्या. 1492 मध्ये शहर ख्रिस्ती राजाराणीकडे गेलं, पण इमारतीचा धंदा बदलला नाही. फक्त मुक्कामाला गावोगावचे कोळसा विकणारे येऊ लागले. पुढं कधी नाटकं झाली, कधी गरीब कुटुंबं बिऱ्हाडं करून राहिली. आज आत जायला तिकीट नाही.

दारावरचं नाव भाच्यानं मोबाइलवर धरून वाचलं, ‘कोर्राल देल कार्बोन’, कोळशाचा वाडा. माजरीचा माणूस इतक्या लांब येऊन कोळशाच्याच दारात उभा! तो हसून म्हणाला, “मामू, आपले आजोबा इथं आले असते तर त्यांना नक्कीच खाट मिळाली असती.” मी त्याला सांगितलं की तो कोळसा लाकडाचा असे, आपल्यासारखा दगडी नव्हे. मग आम्ही चौकातल्या पायरीवर बसून खजुराचं पाकीट उघडून ठेवलं आणि अजानची वेळ मोबाइलवर बघू लागलो.