एका खेपेतले सत्तावीस लाख स्फोट

रत्नागिरीत भरलेला हापूस वाशीला उतरेपर्यंत दहाचाकी ट्रकचा एकेक टायर लाखभर वेळा फिरलेला असतो. हिशेब साधा आहे. टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला 300 च्या वर फेरे, आणि अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. दहा टायर मिळून एका बाजूचे दहा लाख फेरे झाले. रिटर्न भाडं मिळालं नाही तरी परतीचे दहा लाख चुकत नाहीत.

इंजिनाचा आकडा याहून मोठा. सहा सिलिंडरचं, साधारण सहा लिटरचं डिझेल इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांनी चाललं, तर दर दोन फेऱ्यांना एकेका सिलिंडरमध्ये एक स्फोट, असे मिनिटाला 4,500 होतात. दहा तासांच्या खेपेत 27 लाख. दर स्फोटाला लिटरभर हवा लागते, म्हणजे 27 लाख लिटर हवा एकाच एअर फिल्टरमधून आत गेली. टर्बो धरला तर बरीच जास्त. आता ही हवा चिऱ्याच्या खाणीवरची असेल, तर तो फिल्टर उघडून पाहावा. घडीघडीत जांभ्याची तांबडी पूड बसलेली असते, हात लावला की बोटं लाल. नवा आणायचा खर्च नको म्हणून पुष्कळजण हवेचा पाइप मारून तोच परत बसवतात. फिल्टरला त्यात बारीक भोक पडलं की पूड थेट सिलिंडरमध्ये, आणि पुढच्या वर्षी इंजिन उतरवायची वेळ.

मग घाट. 2018 मध्ये केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा दहाचाकीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. अशी भरलेली गाडी कोल्हापूरकडून येऊन आंबा घाट उतरते. उतार 500 मीटरचा धरला, तर त्या वजनातून जवळपास 14 कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या भाषेत 39 युनिट. एवढ्या उष्णतेत साडेचारशे लिटरच्या आसपास पाण्याला उकळी फुटेल. ही सगळी उष्णता अर्ध्या-पाऊण तासात कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरणारा ड्रायव्हर तिचा मोठा वाटा इंजिनावर टाकतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारा ती अख्खी ब्रेक लायनरवर टाकतो, आणि साखरप्याला थांबला की जळका वास आधी उतरतो, ड्रायव्हर मागाहून. वाचलेलं डिझेल आणि जळालेले लायनर यांची किंमत एका कागदावर मांडणारे मालक थोडेच.

रस्त्याचंही तसंच. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याची झीज एका आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातात वाढते. दहाचाकीच्या मागच्या एकेका आसावर साडेदहा टन येतात, छोट्या मोटारीच्या आसावर अर्धा टन. वजन 21 पट, झीज जवळजवळ दोन लाख पट! वीस टक्के माल जादा भरला तर ती आणखी दुप्पट. आणि उखडलेला रस्ता पाटे, टायर, बेअरिंग यांच्या रूपाने पहिली वसुली ट्रकवाल्याकडूनच करतो.

हे सगळे आकडे एका माणसाच्या डोक्यावर येतात, ही आपल्या वाहतुकीची खरी गंमत. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात देशातले ट्रक 40 लाख धरले आहेत. यातले बहुतेक ज्यांच्याकडे पाच किंवा त्याहून कमी गाड्या आहेत अशांचे. एकच ट्रक, तोच मालक, तोच ड्रायव्हर, असेही त्यात भरपूर.

देखभालीसकट ट्रक भाड्याने घ्यायची कल्पना याच ठिकाणी कामाची ठरते. जिम रायडर या माणसाने 1933 मध्ये मायामीत 35 डॉलर भरून एक जुना फोर्ड ट्रक घेतला, 1938 मध्ये एका बिअर कंपनीला पाच ट्रक लीजवर दिले. आज त्या रायडर कंपनीचा ताफा अडीच लाखांच्या घरात आहे. समजा, एका ट्रकचा गिअरबॉक्स पाच वर्षांतून एकदा उघडावा लागतो. अडीच लाख ट्रकवाल्याला हे काम वर्षातून 50,000 वेळा, म्हणजे रोज 137 वेळा करायचं आहे. त्याला धक्का कसला? तो सुटे भाग गोदामात भरून ठेवतो आणि खर्च भाड्यात वाटून टाकतो. एका ट्रकवाल्याचा गिअरबॉक्स मात्र भर मे महिन्यात, पेट्या गाडीत असताना बसतो.

आपल्याकडे असे पूर्ण लीजचे करार बहुतेक मोठ्या ताफ्यांशी होतात. एका गाडीच्या मालकाला सहज मिळतो तो टाटा, अशोक लेलँड यांच्यासारख्या कंपन्यांचा वार्षिक देखभाल करार. पण दोन्हींचा हिशेब रत्नागिरीच्या पंचांगावर घासून पाहायला हवा. 30 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता 63,741 रुपये. गाडी उभी असो की चालू, तासाला 88 रुपये. महिन्याला 6,000 किलोमीटर पळाली तर हप्त्याचा भार किलोमीटरमागे साडेदहा रुपये पडतो. जूनमध्ये आंबा संपतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पावसात चिऱ्याच्या खाणीही थंडावतात. गाडी 1,500 किलोमीटरच चालली की तोच भार साडेबेचाळीस रुपयांवर जातो. दरमहा ठरलेलं लीजचं भाडं म्हणजे हाच हप्ता, फक्त नाव वेगळं. माझ्या मते इथल्या एका गाडीच्या मालकाला परवडेल तो किलोमीटरवर आकारलेला करार, आणि तोही ‘किमान किलोमीटर’ची अट पावसाळ्यात शिथिल असेल तरच.

शिवाय कायदा पाहा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत लीजवरच्या गाडीचा ‘मालक’ म्हणजे करारानुसार ती ज्याच्या ताब्यात आहे तो. गाडी दुसऱ्याची असली तरी रस्त्यावरची जबाबदारी तुमची.

तेव्हा सही करण्याआधी एवढं लेखी घ्या: टायर, क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर देखभालीत धरलेत का; गाडी आंबा घाटात बंद पडली तर मेकॅनिक कुठून आणि किती तासांत येणार; गाडी गॅरेजात असताना बदली गाडी मिळणार की भाडं माफ होणार; आणि जादा वजन सापडलं तर कुठलं संरक्षण रद्द होणार. पहिल्याच प्रश्नाला ‘टायर सोडून सगळं’ असं उत्तर आलं, तर खेपेतले दहा लाख फेरे अजून तुमच्याच खात्यावर आहेत असं समजा आणि भाव पाडून मागा.