ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका कधी होतो?

भिवंडीत संध्याकाळी सातच्या सुमारास अंजूर फाट्याच्या वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे, याला काही अर्थ उरत नाही. पुढे कंटेनर, बाजूला कापडाचे तागे लादलेला टेम्पो, मधल्या फटीतून घुसणाऱ्या रिक्षा. दुसऱ्या गिअरच्या वर जाण्याची सोयच नाही. पण याच तालुक्यात आमणे येथे समृद्धी महामार्ग संपतो. भिवंडीकरांच्या बाजूने पाहिलं तर सुरू होतो. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सपाटीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा. दिवसभर क्लच दाबून पाय दुखलेल्या माणसाच्या समोर एकाएकी मोकळा, सरळ, सहा पदरी रस्ता येतो, तेव्हा उजव्या पायाला काहीतरी होतं. ते नेमकं काय होतं, आणि वयाच्या पस्तिशीनंतर ते बऱ्याच जणांना होईनासं का होतं, हा वैद्यकशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा मोठा गमतीचा विषय आहे.

वेगाचं वेड या भागाला नवीन नाही. आज पन्नाशीत असलेल्या पिढीने ते यामाहा आरएक्स 100 वर भागवलं. शंभरला थोडी कमी सीसीची ती दोन स्ट्रोकची गाडी, 1985 मध्ये आली आणि 1996 मध्ये बंद झाली. तरी तिचा आवाज आजही लोक गर्दीत ओळखतात. पुढच्या पिढीच्या हाती मोटारी आल्या. गोदामांच्या भाड्याचा पैसा आला, तशा दारात मोठ्या गाड्या आल्या. टर्बो इंजिनाची छोटी गाडी घ्यायची, तिचा एक्झॉस्ट बदलायचा, इंजिनाचं रीमॅप करून आणखी ताकद काढायची, हे शब्द आता कुठल्याही गॅरेजवर ऐकू येतात. आणि त्याच गॅरेजवर दुसरंही एक वाक्य ऐकू येतं: ‘लग्न झालं, पोर झालं, गाडी विकली.’ पोलो जीटी जाते, अर्टिगा येते. मित्र हसतात. हसणाऱ्यांपैकी निम्मे दोन वर्षांत त्याच रांगेत असतात.

याला नुसतं ‘अक्कल आली’ म्हणून भागत नाही. त्यामागे शरीरात घडणाऱ्या काही गोष्टी आहेत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी थरार शोधण्याची वृत्ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यावरच्या असंख्य अभ्यासांत एकच चढ-उतार दिसतो. ही वृत्ती किशोरवयात वाढते, विशीच्या आसपास शिखर गाठते आणि मग हळूहळू उतरत जाते. पुरुषांत ती सरासरीने स्त्रियांपेक्षा जास्त असते. मेंदूचा आनंद आणि बक्षीस ओळखणारा भाग किशोरवयात तडफेने काम करू लागतो, तर थांब, विचार कर असं सांगणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. म्हणजे काही वर्षं इंजिन मोठं आणि ब्रेक लहान, अशी अवस्था असते.

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे बोलका आहे. त्यांनी 306 जणांना संगणकावर मोटारीचा खेळ खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाला आहे, तो कुठल्याही क्षणी लाल होईल. जितकं पुढे जाल तितके गुण, पण उशीर केला तर गाडी आदळणार. किशोरवयीन मुलं एकटी खेळली तेव्हा त्यांचं खेळणं मोठ्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं. शेजारी मित्र उभे केले आणि त्यांनी घेतलेला धोका एकदम वाढला. विशीच्या आसपासच्यांत तो वाढला, पण कमी. चोवीस ओलांडलेल्यांवर मित्रांच्या असण्याचा जवळपास काहीच परिणाम झाला नाही. आमण्याच्या दिशेने रात्री निघालेल्या गाडीत चौघे मित्र असतात, तेव्हा चालवणारा एकच असला तरी पाय चौघांचे असतात, असं म्हणायला हरकत नाही.

मग बापपण. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या 624 तरुणांची चाचणी ली गेटलर, ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये केली आणि साडेचार वर्षांनी तीच माणसं पुन्हा तपासली. मधल्या काळात ज्यांचा संसार झाला आणि मूल झालं, त्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन अविवाहितांपेक्षा बरंच जास्त उतरलं होतं: संध्याकाळच्या मोजणीत सरासरी 34 टक्के, तर एकट्या राहिलेल्यांत 14 टक्के. रोज तीन तास किंवा अधिक मुलाचं करणाऱ्या बापांत ते आणखी कमी होतं. मुळातच कमी पातळी असलेली माणसं लवकर संसाराला लागतात, असंही नव्हतं. उलट सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती, तेच पुढे बाप होण्याची शक्यता अधिक निघाली. या संप्रेरकाचा स्पर्धेशी आणि जोखमीशी संबंध आहे, पण तो सरळ नळाच्या तोटीसारखा नाही. टेस्टोस्टेरॉन उतरलं म्हणून स्पीडोमीटरचा काटा उतरला, असं या अभ्यासाने दाखवलेलं नाही. मूल जवळ घेणारं शरीर बदलतं, एवढं मात्र त्याने दाखवलं.

रस्त्यावरचा पुरावा न्यूझीलंडमधून मिळतो. तिथे दहा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाठपुराव्यात कधीच लग्न न केलेल्या चालकांना गंभीर इजा होण्याचा धोका विवाहितांच्या सुमारे दुप्पट निघाला, वय आणि लिंग यांचा हिशोब धरूनही. लग्नाने माणूस सावध होतो की सावध माणसांचीच लग्नं टिकतात, हे त्यातून सुटत नाही.

वेगाच्या बाबतीत सावध होण्याला पदार्थविज्ञानाचा भक्कम आधार आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी 80 किलोमीटरने जाताना अडथळा दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी 33 मीटर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबेपर्यंत साधारण 70 मीटर होतात. ताशी 120 ला हाच आकडा 130 मीटरच्या घरात जातो. वेग दीडपट, थांबायचं अंतर जवळपास दुप्पट. पावसात घसरड्या रस्त्यावर याहून जास्त. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली आणि त्यांतल्या 71 टक्के मृत्यूंमागे अतिवेगाची नोंद होती. मरणाऱ्यांत 18 ते 45 वयाची माणसं जवळपास दोन तृतीयांश. म्हणजे ज्यांच्यावर घर चालतं तीच.

हे सगळं वाचून वाटेल की संसार हा वेगावरचा रामबाण उपाय आहे. भिवंडीत तरी तसं म्हणता येत नाही. इथे गाडी चालवणाऱ्या फार मोठ्या वर्गाला वेगाची आवड नाहीच. त्यांना वेगाचं काम आहे. मानकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा, राहनाळ इथल्या गोदामांतून माल उचलायचा, ठाण्या-मुंबईत पोचवायचा, परत यायचं. फेऱ्यांवर पैसे असतील, तर प्रत्येक वाहतूक कोंडी खिशातून जाते आणि कोंडी सुटली की ती भरून काढायची घाई होते. विशीतला सडाफटिंग एक फेरी सोडून देईल. दोन मुलांची फी आणि टेम्पोचा हप्ता डोक्यावर असलेला चाळिशीचा बाप सोडणार नाही. जबाबदारी एकाचा पाय वर उचलते आणि दुसऱ्याचा खाली दाबते. सुरक्षेची पोस्टरं हा दुसरा माणूस डोळ्यांपुढे ठेवून क्वचितच छापली जातात.

शिवाय जबाबदारी झोप खाते. तान्ह्या मुलाचे आईबाप, यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारे, पहाटे माल भरायला उठणारे, हे सारे अपुऱ्या झोपेवर चाक हातात घेतात. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असणाऱ्याइतकी घसरते. भारतात कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. तोंडाला दारू न लावणारा, ऐंशीच्या वर कधी न जाणारा सज्जन बाप बाळाला घेऊन रात्रभर जागल्यावर सकाळी ज्या अवस्थेत गाडी काढतो, त्या अवस्थेला पोलिसांकडे यंत्र नाही. समृद्धीसारख्या सरळसोट, एकसुरी रस्त्यावर हा धोका वाढतो. तिथे डोळे उघडे असतात आणि मेंदू डुलकी घेऊन येतो. वीस मिनिटांची झोप काढायला गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवणं हाच त्यावर खरा इलाज. खिडकी उघडणं आणि गाणी मोठ्याने लावणं फार वेळ पुरत नाही.

आवड मात्र मरत नाही, ती जागा बदलते. रविवारी सकाळी गाडी स्वतः धुणं, पॉलिश करणं, दुपारी मुलाला मांडीवर घेऊन फॉर्म्युला वनची शर्यत पाहणं, इंजिनाचे आकडे तोंडपाठ असणं, हे सगळं त्याच आवडीचं रूप. ज्यांना चालवायचंच आहे त्यांच्यासाठी कोईमतूरजवळचा कारी आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई असे बंदिस्त ट्रॅक आहेत. भिवंडीहून ते लांब आहेत, हे खरं.

पंचेचाळीस-पन्नाशीत ती आवड पुन्हा मूळ जागी येते. मुलं कॉलेजात, हप्ते संपलेले, हाती पैसा. तरुणपणी परवडली नव्हती ती गाडी आता घेतली जाते. अमेरिकेत 1975 मध्ये अपघातात मरणाऱ्या मोटारसायकलस्वारांत पन्नाशी ओलांडलेले अवघे 3 टक्के होते. अलीकडे ते एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. मन पंचविशीतलं राहतं, पण प्रतिक्रियेचा वेग पंचविशीनंतर हळूहळू कमी होत असतो. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, मान पटकन वळत नाही, मधुमेहाची औषधं सुरू झालेली असतात. कायद्याने चाळिशी ही रेघ मानली आहे: चाळिशीनंतर परवान्यासाठी अर्ज करताना डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 1-अ, लागतं. ते नुसत्या सहीवर उरकण्याऐवजी खरोखर डोळे आणि साखर तपासून घेतली, तर त्या कागदाचा उपयोग होईल.

आणि तोवर घरात दुसरं कोणी किल्ली मागू लागलेलं असतं. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले आणि चाकामागे 17 वर्षांचा मुलगा असल्याचं पोलिसांनी सांगितलं, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. अठरा पूर्ण झाल्यावर काय करायचं, याबद्दल कायदा गप्प आहे, पण आकडे बोलतात. अमेरिकेतल्या 16-17 वर्षांच्या चालकांच्या अभ्यासात शेजारी एक समवयस्क असेल तर मृत्यूचा धोका 44 टक्क्यांनी वाढलेला, तीन किंवा अधिक असतील तर चौपट. आणि शेजारी पस्तिशी ओलांडलेलं माणूस असेल तर तोच धोका 62 टक्क्यांनी कमी झालेला आढळला.

त्यामुळे आमण्याच्या टोलनाक्यावरून पहिल्यांदा गाडी बाहेर काढणाऱ्या मुलाच्या शेजारी, एकेकाळी आरएक्स 100 पळवणारा बाप पट्टा लावून बसतो. काटा शंभरपुढे गेला की त्याचा उजवा पाय, जिथे ब्रेक नाही तिथे, जमिनीवर जोरात दाबला जातो.