उघड्या दारांतील संशोधन

विद्वानांचे शोध विद्वानांच्याच नियतकालिकांत प्रसिद्ध व्हावेत आणि इतरेजनांना त्यांची वार्ता पुष्कळ उशिरा कळावी, अशी प्रथा दीर्घकाळ चालत आली. आता संशोधक आपला निबंध इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य ठेवू शकतो, प्रयोगाची चित्रफीतही दाखवू शकतो. या मोकळेपणाने ज्ञान वाढते की अफवा वाढतात, असा प्रश्न सहजच मनात येतो. त्याचे उत्तर २०२३ साली घडलेल्या एका प्रकरणात बरेचसे सापडते.

तारेतून वीज वाहताना तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो, कारण धातू त्या प्रवाहाला थोडाफार रोध करतोच. १९११ साली हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांना असे आढळले, की पारा सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला म्हणजे हा रोध एकाएकी नाहीसा होतो. अशा पदार्थांना अतिसंवाहक म्हणतात. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांत त्यांचा उपयोग होतो; पण त्यांना थंड ठेवण्यास सामान्यतः द्रवरूप हेलियम लागतो आणि तो महाग असतो. नेहमीच्या तापमानाला व साध्या दाबाखाली काम देणारा अतिसंवाहक मिळाला, तर विजेच्या वापराचे रूपच पालटून जाईल.

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी नेमका असाच पदार्थ सापडल्याचे जाहीर केले. शिसे, तांबे, फॉस्फरस व ऑक्सिजन यांच्या त्या संयुगाचे नाव एलके-९९. ते १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिसंवाहक राहते, असा दावा होता. निबंध ठेवला होता ‘आर्काइव्ह’ या भांडारात. पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ साली सुरू केलेल्या या भांडारातील निबंध कोणीही विनामूल्य वाचू शकतो. मात्र छपाईपूर्वीची तज्ज्ञांची छाननी त्यांना लाभलेली असतेच असे नाही. सोबत एक चित्रफीतही प्रसृत झाली. तीत लोहचुंबकावर ठेवलेला एक काळा तुकडा एका बाजूने अधांतरी उचललेला दिसत होता.

ती चित्रफीत पाहता पाहता जगभर फिरली आणि पुष्कळांनी दावा सिद्ध झाल्याचेच गृहीत धरले. परंतु निबंधात कृती दिलेली होती आणि साहित्य दुर्मिळ नव्हते. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांनी तो पदार्थ स्वतः तयार करून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील संशोधकांनी जुलै संपता संपताच आपला निष्कर्ष उघड केला : त्यांच्या नमुन्यात अतिसंवाहकता आढळली नाही. वुहानमधून मात्र चुंबकापाशी उभा राहणाऱ्या कणाची चित्रफीत आली आणि आशा पुन्हा पालवली. अखेर कारण उलगडले. नमुन्यांत तांब्याच्या सल्फाइडची भेसळ राहिली होती. हे सल्फाइड सुमारे १०४ अंशांस आपली रचना बदलते आणि त्याचा रोध झपाट्याने उतरतो. तीच घट अतिसंवाहकतेची खूण समजली गेली होती. तुकडा उचलला जाण्यास साधे चुंबकीय गुणधर्मही पुरेसे होते. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे भेसळरहित स्फटिक तयार केले, तेव्हा ते विद्युत्-रोधकच निघाले. हे सारे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे महिनाभराच्या आत घडले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शासकीय दप्तरात मसुदा आणि आदेश यांत जे अंतर असते, तेच उघड्या भांडारातील निबंध आणि पारखलेला सिद्धांत यांत असते. मसुदा दहा जणांनी वाचावा हे हितावहच. परंतु स्वाक्षरी होण्यापूर्वी त्यावर अंमल करणे अनर्थकारक होय. चित्रफितीने हा भेद पुसला जातो, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर मन चटकन विश्वास ठेवते. एलके-९९ चा भ्रम चित्रफितीमुळे पसरला हे खरे. तितकेच हेही खरे, की कृती गुप्त राहिली असती तर तो कितीतरी अधिक काळ टिकला असता.

म्हणून संशोधकांनी प्रयोग जरूर दाखवावेत, लोकांच्या भाषेत समजावूनही द्यावेत. मात्र मूळ निबंध कोठे आहे आणि त्याची छाननी झाली आहे की नाही, हे त्याच वेळी सांगावे. फसलेला प्रयोगही तितक्याच उघडपणे मांडावा. दिल्लीच्या संशोधकांनी जे नकारार्थी उत्तर दिले, त्याचे मोल कमी नव्हते. आणि आपण पाहणाऱ्यांनी, एखादी विस्मयकारक चित्रफीत पुढे धाडण्यापूर्वी, दुसऱ्या कोणी तो प्रयोग करून पाहिला आहे काय, एवढी चौकशी करावी. नवे औषध, नवे बियाणे, नवे इंधन यांची वृत्ते आता याच वाटेने आपल्या घरी येणार आहेत.